शेरा आधी कोणी द्यायचा?

मी एकदा लेखी खोटे बोललो आहे, आणि ते खोटे आजही कोठेतरी एखाद्या संगणकात जमा असेल. वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकाने असा कबुलीजबाब महाविद्यालयाच्या अंकात द्यावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. परंतु ज्या विषयावर लिहायचे योजिले आहे तो मला त्या खोट्यामुळेच कळला. तेव्हा सुरुवात तेथूनच करतो.

मला जुन्या संस्थानांची कोर्ट-फी तिकिटे जमविण्याचा नाद आहे. सांगली, जमखंडी, सावंतवाडी ही आपल्या बेळगावच्या आसपासची संस्थाने. त्यांच्या दरबारी कागदांवरची तिकिटे इकडच्या माळ्यांवर वाळवीने खाल्ली, आणि काही थोडी हौशी संग्राहकांच्या हाती लागून सातासमुद्रापार गेली. २००६ साली परदेशातील एका लिलावाच्या संकेतस्थळावर (नाव सांगण्याचे कारण नाही) इंग्लंडमधील एका विक्रेत्याने अशी पाच तिकिटे विक्रीस मांडली होती. पाचही निर्दोष आहेत, असे वर्णनात स्वच्छ लिहिले होते. मी बोली लावली, ती माझ्यावर ठरली, आणि पैसे मी त्याच दिवशी चुकते केले. तीन आठवड्यांनी पाकीट आले. दोन तिकिटे मधोमध फाटलेली, मागून पातळ कागद डकवून सांधलेली. तिसऱ्याचा एक कोपराच गेलेला.

मी विक्रेत्याला पत्र लिहिले. उत्तर मोठे सौजन्याचे आले. जुना कागद म्हटला की असे चालायचेच, असा त्याचा भावार्थ होता. शेवटी मात्र एक साधे वाक्य होते: गिऱ्हाइकाचा शेरा आला की मी माझा शेरा देतो, अशी माझी नेहमीची पद्धत आहे.

या वाक्याचा अर्थ नीट कळण्यासाठी 'शेरा' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. अशा लिलावात व्यवहार पुरा झाला की खरेदीदाराने विक्रेत्याबद्दल आणि विक्रेत्याने खरेदीदाराबद्दल चांगला, मध्यम किंवा वाईट असा शेरा द्यायचा आणि त्यासोबत एक ओळ लिहायची. हे शेरे प्रत्येकाच्या नावापुढे कायमचे चिकटतात आणि साऱ्या जगाला दिसतात. त्या विक्रेत्याच्या नावे काही हजार चांगले शेरे होते. माझ्या नावे चौदा. माझ्या एका वाईट शेऱ्याने त्याचे काय बिघडणार होते? त्याच्या एका वाईट शेऱ्याने मात्र माझ्या चौदांत काळा डाग पडला असता. मी दोन दिवस विचार केला आणि लिहिले: 'पाकीट व्यवस्थित व वेळेवर पोहोचले.' शेरा चांगला. वाक्य अक्षरशः खरे होते. खोटे काय ते त्या 'चांगला' या खुणेत होते. लगेच त्याचा शेरा आला: तत्पर पैसे देणारे उत्तम गिऱ्हाईक. असा आम्ही दोघांनी एकमेकांचा सत्कार केला.

असो. आता या शेऱ्यांच्या पद्धतीची हकीकत पाहू, कारण ती अनोळखी माणसांच्या व्यापाराविषयी पुष्कळ काही शिकविते.

आपल्या रविवार पेठेत एखाद्या आडत्याची पत किती, हे कोणत्याही फळ्यावर लिहिलेले नसते. तरी ते पेठेत सर्वांना ठाऊक असते. ज्याने एकदा वजनात मारले त्याची वार्ता संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते, आणि त्याला त्याच पेठेत उद्याही दुकान उघडायचे असते. संगणकावरच्या लिलावात यातले काहीच नाही. माल डोळ्यांनी दिसत नाही, माणूस दिसत नाही, तो कोणत्या देशात बसला आहे याचाही भरवसा नाही. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पुढे 'ईबे' या नावाने प्रसिद्ध झालेले लिलावस्थळ सुरू केले, तेव्हा हीच अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. तक्रारींची पत्रे थेट त्यांच्याकडे येऊ लागली, आणि एकट्या माणसाने किती भांडणे सोडवायची! १९९६ च्या फेब्रुवारीत त्यांनी सर्वांना उद्देशून एक पत्र काढले. त्यात बहुतेक माणसे प्रामाणिक असतात असा विश्वास व्यक्त करून, यापुढे एकमेकांची स्तुती वा तक्रार सर्वांसमोर उघडपणे मांडा, असे त्यांनी सुचविले. चांगल्या शेऱ्याला अधिक एक, मध्यमाला शून्य, वाईटाला उणे एक. बेरीज दहावर गेली की नावापुढे पिवळा तारा. उणे चारपर्यंत घसरली की बाहेरचा रस्ता. प्रारंभी तर कोणीही कोणालाही शेरा देऊ शकत असे, मग दोघांत व्यवहार झालेला असो वा नसो. मित्रांनी मित्रांना तारे मिळवून द्यावेत आणि वैऱ्यांनी वैऱ्यांना खाली ओढावे, हे मग ओघानेच आले. पुढे शेरा प्रत्यक्ष व्यवहाराशीच जोडण्यात आला.

पेठेतली तोंडी पत कागदावर आणण्याचा इतका मोठा प्रयोग यापूर्वी झाला नव्हता. तो यशस्वी झाला, यातही शंका नाही. शेऱ्यांना बाजारात खरोखर किंमत आली. रेझ्निक, झेकहाउजर व त्यांचे दोन सहकारी यांनी याचा एक सुंदर प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. जुन्या चित्रमय पोस्टकार्डांचा एक मुरलेला विक्रेता त्यांनी हाताशी धरला. सारख्याच प्रतीचा माल काही वेळा त्याच्या प्रतिष्ठित नावाने आणि काही वेळा नव्या, अनोळखी नावांनी विक्रीस मांडला. माणूस तोच, माल तसाच, फक्त नाव निराळे. जुन्या नावाला खरेदीदारांनी सरासरी ८.१ टक्के अधिक किंमत दिली. ज्याला आपण पत म्हणतो तिची किंमत इतक्या स्वच्छपणे मोजलेली मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही. (पतीला किंमत आली की तिचा काळाबाजारही आलाच. एका सेंटला एखादे फालतू इलेक्ट्रॉनिक पुस्तक 'विकायचे' आणि त्या बदल्यात दोघांनी एकमेकांना चांगला शेरा द्यायचा, असा धंदा काहींनी केला.)

पण याच रेझ्निक आणि झेकहाउजर यांनी आधी, १९९९ सालच्या ईबेवरील व्यवहारांची मोजदाद केली होती, आणि तिथे मला माझा चेहरा दिसला. निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२.१ टक्के व्यवहारांत खरेदीदारांनी शेरा दिला होता. त्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले, ०.३ टक्के मध्यम आणि ०.६ टक्के वाईट! मित्रहो, मी इतकी वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. ज्या परीक्षेत शेकडा नव्याण्णव विद्यार्थी पहिल्या वर्गात येतात त्या परीक्षेविषयी आपण काय म्हणतो? विद्यार्थी असामान्य आहेत असे म्हणत नाही. पर्यवेक्षक कोण होते, ते विचारतो. जगातले विक्रेते इतके सज्जन असतील तर आनंदच आहे. परंतु त्या ९९.१ टक्क्यांत माझ्यासारखे 'पाकीट वेळेवर पोहोचले' असे लिहिणारे किती होते?

ही कहाणी मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा कन्नड विभागातील माझे एक सहकारी शांतपणे चहा पीत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "सर, तुम्ही पैसे तर त्याच दिवशी दिले होते. मग त्याने तुम्हाला शेरा त्याच दिवशी का दिला नाही?"

मी अर्थशास्त्राची पुस्तके शिकवितो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. खरोखर, खरेदीदाराचे कर्तव्य ते काय? पैसे देणे. ते मी पहिल्या दिवशी पुरे केले होते. माझ्याविषयी विक्रेत्याला जे जाणून घ्यायचे होते ते त्याला पहिल्याच दिवशी कळले होते. मला मात्र त्याच्याविषयी कळायला तीन आठवडे लागणार होते. न्यायाने पाहता त्याचा शेरा आधी आणि माझा नंतर, हाच क्रम नैसर्गिक. त्याने तो उलटा केला. माझा हक्काचा शेरा त्याने तीन आठवडे गहाण ठेवला, आणि माझे मौन हे त्याचे व्याज. त्या साध्या वाक्यात धमकी होती, पण कोणत्याही पंचाला दाखवता येईल अशी नव्हती.

दोघांनाही सारखा अधिकार दिला की न्याय झाला, अशी आपली एक समजूत असते. या पद्धतीचा पाया तोच होता: तू मला तोल, मी तुला तोलतो. वरवर यात अन्याय कोठेच दिसत नाही. पण एकाच्या नावे हजारो शेरे आणि दुसऱ्याच्या नावे चौदा असताना एकेक शेऱ्याचा मार दोघांना सारखा बसत नाही. शिवाय ज्याला थांबणे परवडते तो शेवटचा वार राखून ठेवतो. बोल्टन, ग्रायनर आणि ओकेनफेल्स या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी या सूडशेऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. खरेदीदाराने वाईट शेरा दिला की विक्रेत्याचाही वाईट शेरा येतो, आणि तो बहुधा तत्काळ येतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. आणखी एक गंमत होती. दोघांच्या संमतीने शेरे परत घेण्याची सोय तेव्हा होती. भांडण मिटावे म्हणून केलेली ही सोय. तिचा उपयोग असा होऊ लागला की आधी सूड म्हणून वाईट शेरा द्यायचा आणि मग सांगायचे, तू तुझा काढ, मी माझा काढतो. म्हणजे खरे बोलणाऱ्याला आपले खरे मागे घेण्याची खंडणी भरावी लागे.

ज्यांना खोटे लिहायचे नाही आणि सूडही ओढवून घ्यायचा नाही, ते काय करतात? गप्प बसतात. डेलारोकास आणि वुड यांनी २००८ साली या मौनाचाच हिशेब मांडला. दुर्मिळ नाण्यांच्या ईबेवरील लिलावांवरून त्यांनी असे अनुमान काढले की शेऱ्यांवरून नव्याण्णव टक्के समाधान दिसत असले तरी प्रत्यक्षात सुमारे पाचांतला एक खरेदीदार थोडाफार तरी नाराज असतो. नोस्को आणि टॅडेलिस यांनी पुढे, २०१५ साली, यातून मोजणीची निराळी रीत सुचविली. वर्गात मी ती एका काल्पनिक उदाहरणाने समजावतो. दोन विक्रेते, दोघांच्या शंभर शंभर विक्री. पहिल्याला ४० चांगले शेरे, १ वाईट, आणि ५९ गिऱ्हाईक गप्प. दुसऱ्याला ७० चांगले, २ वाईट, आणि २८ गप्प. रूढ रीतीने पहिल्याचे ४१ पैकी ४०, म्हणजे ९७.६ टक्के; दुसऱ्याचे ७२ पैकी ७०, म्हणजे ९७.२. पहिला श्रेष्ठ ठरला! पण गप्प बसलेल्यांनाही हिशेबात धरले तर पहिला शंभरात चाळीस आणि दुसरा शंभरात सत्तर. अडचण एवढीच की मौनाचा आकडा लिलावगृहाच्या वहीत असतो. तो तुम्हा-आम्हाला पाहायला मिळत नाही.

यावर दोन उपाय संभवत होते. एक बंद पाकिटाचा: दोघांनी शेरे लिहावेत, पण दोघांचे येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कोणाचाच उघडू नये. मग कोणाचा शेरा पाहून सूड घेणार? घरे भाड्याने देणाऱ्या 'एअरबीएनबी'ने २०१४ साली हीच रीत स्वीकारली. परंतु सूडाची भीती जाते तशी परतफेडीची आशाही जाते. आणि 'तू मला दिलास म्हणून मी तुला' या भिडेखातरच पुष्कळ शेरे दिले जात होते. ती भीड गेली तर शेरेच आटतील, अशी ईबेपुढची काळजी होती. दुसरा उपाय एकतर्फी तोलण्याचा. ईबेने तो टप्प्याटप्प्याने घेतला. २००७ साली जुन्या शेऱ्याच्या जोडीला पाच ताऱ्यांचे चार निराळे रकाने आले: माल वर्णनाप्रमाणे होता काय, पत्रव्यवहार कसा, माल किती दिवसांत धाडला, आणि टपालखर्च वाजवी होता काय. हे फक्त खरेदीदाराने भरायचे, आणि विक्रेत्याला केवळ सरासरी दिसायची. कोणी किती दिले ते नाही. त्यानंतर २००८ च्या मे महिन्यात मोठा निर्णय अमलात आला. विक्रेत्याने खरेदीदाराला शेरा द्यायचा तर चांगलाच द्यायचा, नाही तर देऊच नये.

विक्रेते खवळले. निर्णय जाहीर झाल्यावर त्याच फेब्रुवारीत त्यांच्यापैकी अनेकांनी आठवडाभर माल विक्रीस न मांडण्याचा बहिष्कारही पुकारला. मी तेव्हा मनातून खूष झालो होतो, हे लपवीत नाही. पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बोली जिंकून पैसे न देणारा गिऱ्हाईक असतो. 'अर्धे पैसे परत कर, नाही तर वाईट शेरा देईन' म्हणणाराही असतो. काब्राल आणि होर्तासू यांनी २०१० साली दाखविले की ईबेवरच्या विक्रेत्याला पहिला वाईट शेरा मिळण्यापूर्वी त्याची विक्री आठवड्याला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत असते, आणि तो मिळाल्यावर ती सुमारे ८ टक्क्यांनी घटू लागते. ज्याच्या हाती असे हत्यार द्यायचे त्याच्यावर काहीच बंधन नको काय? पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाचा शेरा काढून टाकण्याची तरतूद आहे. बाकीच्यांविषयी मात्र विक्रेत्याने लिलावगृहाकडे तक्रार करायची आणि वाट पाहायची.

मग या एकतर्फी नियमाने झाले काय? क्लाइन, लांबर्ट्झ आणि श्टाल यांचा २०१६ चा निबंध नेमका यावर आहे. वाईट शेऱ्याला कंटाळून विक्रेते बाजार सोडतील, असा एक तर्क होता. तसे झाले नाही. सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. उलट त्या निनावी चार रकान्यांतले तारे सुधारले. म्हणजे तेच विक्रेते पूर्वीपेक्षा नीट वागू लागले. सूड घेता येत नाही असे कळल्यावर माणसाने तिकिटाची मागची बाजूही वर्णनात लिहायला सुरुवात केली, असे मी माझ्या भाषेत म्हणेन.

भारतातील अनेकांना ही पद्धत माहीत झाली ती ईबेने २००४ साली 'बाझी डॉट कॉम' विकत घेतल्यावर. ती भारतीय शाखा २०१८ साली बंद झाली. आज आपल्याकडचे मोठे ऑनलाइन बाजार लिलावाचे नाहीत, ठराविक किमतीचे आहेत, आणि तारे देण्याचा अधिकार तेथे उघडपणे एकट्या गिऱ्हाइकाला आहे. म्हणून मी हा विषय माझ्या बाजूने संपला असे समजून चाललो होतो. पण गेल्या वर्षी माझी एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती शहापुरी साड्या अशाच एका बाजारात विकते. तिने मला फोनवर एक शेरा दाखविला. एक तारा, आणि खाली गिऱ्हाइकाचे वाक्य: साडी फार सुंदर आहे, पण चार दिवस उशिरा आली. साडी तिने दुसऱ्याच दिवशी बांधून दिली होती. पोहोचविण्याचे काम त्या बाजारवाल्यांच्या माणसांचे. तिने तसे कळविले, तर उत्तर आले की शेरा नियमांत बसतो.

"सर, मला तिला उलट काही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "साडी सुंदर आहे असं तीच म्हणते. मग तो एक तारा नक्की कोणाचा?"

तिच्यापुढे मी क्लाइन आणि मंडळींचा निबंध काय काढणार! चार रकान्यांचा मुद्दा मात्र तिला पटला. माल आणि पोहोच यांचे तारे वेगळे असते तर तिच्या नावावर दुसऱ्याचे ओझे पडले नसते. एकतर्फी शेरा मी न्याय्य मानतो, पण ज्या गोष्टीवर विक्रेत्याचा ताबा आहे तिच्यापुरताच. सगळ्याची मिळून एकच बेरीज केली की अन्याय मागच्या दाराने परत येतो.

आता थोडे घरचे. 'नॅक'साठी आपण दरवर्षी विद्यार्थ्यांकडून प्राध्यापकांविषयी अभिप्राय भरून घेतो. तो निनावी असतो, हे ठीकच. पण अंतर्गत गुण आमच्या हाती असतात, आणि अभिप्रायाचा कागद ते गुण जाहीर होण्यापूर्वी फिरतो. आम्हा सर्वांना मिळणारे अभिप्राय उत्तम असतात. माझे तर इतके उत्तम असतात की मला त्या इंग्रज विक्रेत्याची आठवण होते. माझ्या कन्नड विभागातल्या मित्रांनी आणि मी मिळून एक अर्ज केला आहे, की अभिप्राय गुण लागल्यावर घ्यावा. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की मग कमी गुण मिळालेले विद्यार्थी राग काढतील. तेही खोटे नाही. म्हणून अर्जाला आम्ही दुसरे कलम जोडले आहे: दोन्ही कागद एकाच दिवशी बंद पाकिटात परीक्षा विभागाकडे द्यावेत आणि एकाच दिवशी उघडावेत. बैठक पुढच्या महिन्यात आहे.